आधी मैदान, मग विमान

रेडिओ-कंट्रोल विमान तुमच्यापासून दूर जात असतं, तोवर ते चालवणं फार अवघड नसतं. ट्रान्समीटरची स्टिक उजवीकडे सारली की विमान उजवीकडे कलतं, डावीकडे सारली की डावीकडे. मग ते वळसा घेऊन तुमच्याकडे तोंड करतं. आता विमानाचा उजवा पंख तुमच्या डाव्या हाताला आलेला असतो. तुम्ही स्टिक उजवीकडे सारता आणि विमान तुमच्या डावीकडे झुकतं. ते सावरायला तुम्ही स्टिक आणखी उजवीकडे सारता, विमान आणखी झुकतं, नाक खाली जातं आणि तीन-चार सेकंदांत ते शेजारच्या नांगरटीत पडलेलं असतं. एकट्याने शिकू पाहणाऱ्या कितीतरी जणांचं पहिलं विमान याच वळणावर गेलं आहे.

यावर युक्ती आहे. विमान समोरून येत असताना जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक सारायची. ‘खालच्या पंखाला टेकू द्या’, असं शिकवणारे सांगतात. पण ही युक्ती वाचून माहीत असणं वेगळं आणि विमान अंगावर येत असताना अर्ध्या सेकंदात बोटांनी ती करणं वेगळं. बोटांना ती सवय लागेपर्यंत शेजारी जाणता माणूस उभा असावा लागतो. म्हणून या छंदाकडे ओढल्या गेलेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की विमान इतक्यात विकत घेऊ नका. जवळपासचा एअरोमॉडेलिंग क्लब शोधा, एखाद्या सुट्टीच्या सकाळी त्यांच्या मैदानावर जा आणि नुसतं बघा.

मैदानावर दोन ट्रान्समीटर एकमेकांना जोडून शिकवायची पद्धत आहे. तिला ‘बडी बॉक्स’ म्हणतात. पूर्वी दोन्हींमध्ये वायर असायची, आता बहुतेक ठिकाणी ही जोडणी बिनतारी असते. विमान खरं तर शिकवणाऱ्याच्या ट्रान्समीटरशी बांधलेलं असतं. त्याच्या ट्रान्समीटरवर स्प्रिंगचं एक बटण असतं. ते दाबून धरलं की शिकणाऱ्याच्या स्टिक चालू होतात आणि बोट उचललं की ताबा त्याच क्षणी गुरूकडे परत येतो. विद्यार्थी विमान वर नेऊन डावं-उजवं वळवत असतो, कधीतरी गोंधळतो, विमान पोट दाखवत खाली यायला लागतं. शेजारून शांत आवाज येतो, “सोड, माझ्याकडे आलं.” दोन सेकंदांत विमान पुन्हा सरळ आणि वर. “घे परत. काय झालं, कळलं?” एका बॅटरीत, म्हणजे सात-आठ मिनिटांत, असं चार-पाच वेळा होतं आणि विमानाला ओरखडाही येत नाही. एकट्याने शिकताना यातली प्रत्येक चूक दुरुस्तीच्या टेबलावर गेली असती, आणि दुरुस्ती होईपर्यंत नेमकं काय चुकलं तेही विसरलं असतं. विमान हवेत असतानाच चूक कळणं, हे क्लबचं सगळ्यात मोठं देणं आहे असं मला वाटतं.

शेजारच्या माणसाची गरज ज्या दुसऱ्या गोष्टीसाठी लागते, ती म्हणजे वारा. समजा, तुमचं ट्रेनर विमान हवेच्या तुलनेत ताशी ४० किलोमीटरने उडतंय आणि ताशी २५च्या खाली त्याचे पंख त्याला तोलून धरू शकत नाहीत. वारा ताशी १५ किलोमीटरचा आहे. विमान वाऱ्याच्या दिशेने निघालं की जमिनीवरून बघणाऱ्याला ते ताशी ५५ने जाताना दिसतं. नवशिक्याला वाटतं, फारच पळतंय. तो थ्रॉटल कमी करत जातो आणि डोळ्यांना बरा वाटणारा ४०चा वेग गाठतो. हवेच्या तुलनेत मात्र आता विमानाचा वेग उरलाय २५. त्यात तो वळण घेतो. वळणात पंखांवरचा भार वाढतो, एक पंख हवेवरची पकड सोडतो आणि विमान त्या बाजूला गिरकी घेत खाली येतं. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन किंवा मोटर बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही. पंख हवेला फार तिरपा झाला की वरून वाहणारी हवा त्याला सोडून देते आणि उचल कोसळते. अशा वेळी प्रत्येक नवशिक्याचा हात नाक वर करण्यासाठी एलिव्हेटरकडे जातो आणि त्यामुळे पंखाचा तिरपेपणा आणखी वाढतो. खरा उपाय उलटा आहे. नाक थोडं खाली सोडायचं, वेग घेऊ द्यायचा आणि मग हळूच सरळ करायचं. जमीन जवळ येत असताना नाक खाली सोडायला धीर लागतो, आणि तो धीर शेजारच्या माणसाच्या आवाजातून मिळतो.

म्हणून नव्या माणसाचं विमान उंचावर ठेवतात. तीन चुका मावतील इतकी उंची ठेव, असं क्लबातले लोक म्हणतात. पहिली चूक झाली, ती निस्तरताना दुसरी झाली, त्या घाईत तिसरी झाली, तरी खाली हवा शिल्लक राहिली पाहिजे. विमानही त्याच हिशेबाने निवडलेलं असतं. ट्रेनर विमानाचे पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेले असतात आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात. विमान एका बाजूला कलून घसरू लागलं की या उचललेपणामुळे खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि स्टिक सोडून दिली तरी ते बऱ्याच अंशी आपोआप सरळ होतं. लढाऊ विमानांच्या प्रतिकृती दिसायला देखण्या असतात आणि दुकानात मुलं त्यांच्यावरच बोट ठेवतात, पण त्यांच्यात हा समजूतदारपणा नसतो. क्लबात अशी हौस वेळीच कोणीतरी थोपवतं. विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी, तपासायचं कामही तिथेच होतं. पंखाखाली ठरलेल्या जागी दोन बोटं लावून विमान उचलायचं. नाक जरासं खाली झुकलं तर ठीक, शेपूट खाली गेलं तर बॅटरी पुढे सरकवायची. नाकाकडे जड असलेलं विमान कसंबसं उडतं, शेपटीकडे जड असलेलं एकदाच उडतं, हे प्रत्येक मैदानावर ऐकायला मिळतं.

अनेकांना ही सगळी शिस्त पाहून आश्चर्य वाटतं. खेळण्यातल्या विमानासाठी एवढं कशाला? मग थोडा हिशेब करू. दोन किलोचं विमान ताशी ७२ किलोमीटरने जात असेल, तर त्याच्यात सुमारे ४०० ज्यूल ऊर्जा असते. वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत असते सुमारे १२० ज्यूल. म्हणजे हे विमान त्या चेंडूच्या तिपटीहून जास्त जोराने आदळतं, आणि त्याच्या पुढच्या टोकाला पंखा फिरत असतो. दहा इंची प्रोपेलर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ४८० किलोमीटर होतो. इलेक्ट्रिक मोटरचा धोका आणखी वेगळा आहे. इंजिन बंद असलं की बंद असतं. मोटर मात्र बॅटरी जोडलेली असेपर्यंत कधीही फिरू शकते, स्टिकला नुसता कोपर लागला तरी. म्हणून क्रम ठरलेला असतो. आधी ट्रान्समीटर चालू करायचा, थ्रॉटल पूर्ण खाली आहे हे बघायचं, मग विमानातली बॅटरी जोडायची. उतरल्यावर आधी विमानातली बॅटरी काढायची आणि ट्रान्समीटर शेवटी बंद करायचा. बॅटरी जोडलेल्या विमानाच्या पुढे कोणी उभं राहत नाही.

या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्यांना सगळे ‘लिपो’ म्हणतात. त्यांचे स्वतःचे नियम आहेत. प्रत्येक सेलचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्ट, वापरताना ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि काही दिवस ठेवून द्यायची असेल तर ३.८च्या आसपास आणून ठेवायची. फुगलेली लिपो पुन्हा चार्जला लावायची नाही. आदळलेल्या विमानातली बॅटरी लगेच गाडीत टाकायची नाही, उघड्यावर ठेवून काही वेळ लक्ष ठेवायचं, कारण आतल्या थराला इजा झाली असेल तर ती थोड्या वेळाने पेट घेऊ शकते. घरात रात्री चार्जिंगला लावून झोपणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

क्लबांमधल्या शिस्तीला एक जुनं कारणही आहे. पूर्वी ट्रान्समीटर ठरावीक चॅनेलवर चालत. अमेरिकेत विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५० चॅनेल होते, ब्रिटनमध्ये ३५ मेगाहर्ट्झचा पट्टा होता. एकाच चॅनेलचे दोन ट्रान्समीटर एकाच वेळी चालू झाले, की आधीपासून हवेत असलेलं विमान बेताल होऊन कोसळत असे. ज्याने स्विच दाबला त्याला आपण काय केलं याचा पत्ताही नसे. म्हणून मैदानावर एक फळी असायची, तिच्यावर प्रत्येक चॅनेलची एक पिन. ती पिन हातात असल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही. साधारण २००५नंतर २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले. त्यांत रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरची खूण ओळखतो, त्यामुळे दहा जण एकत्र उडवू शकतात. फळ्या गेल्या, पण ‘उतरतोय!’, ‘मैदानावर माणूस आहे!’ असं मोठ्याने सांगायची, सगळ्यांनी एका रेषेमागे उभं राहायची आणि त्या रेषेच्या मागून विमान न नेण्याची सवय त्याच काळापासून टिकून आहे.

विमानांच्या प्रतिकृतींचा छंद खऱ्या विमानांपेक्षा जुना आहे. १८७१ साली आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्विलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. पेनोच्याच रचनेवर बेतलेलं एक उडतं खेळणं १८७८ साली मिल्टन राइट यांनी आपल्या दोन मुलांसाठी घरी आणलं. त्या मुलांची नावं विल्बर आणि ऑर्व्हिल. ब्रिटनमधली मॉडेल विमानवाल्यांची संघटना १९२२ सालची आहे, अमेरिकेतली ‘अकॅडमी ऑफ मॉडेल एअरोनॉटिक्स’ १९३६ची. त्याच सुमारास, १९३७ साली, मिशिगनमधल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं. ते आज स्मिथ्सोनियन संग्रहालयाकडे आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती मेनार्ड हिल यांची गोष्ट. हे अमेरिकन अभियंते उतारवयात जवळजवळ दृष्टिहीन झाले होते, आणि त्याच काळात त्यांनी अटलांटिक महासागर ओलांडणारं मॉडेल बनवायला घेतलं. बाल्सा लाकूड आणि पातळ प्लास्टिकच्या आवरणाचं, इंधनासह ५ किलोच्या आतलं. आधीची विमानं समुद्रात गेली. ऑगस्ट २००३मध्ये ‘टीएएम-५’ हे विमान कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरून निघालं. उड्डाण आणि उतरणं माणसाच्या हाताने, मधला समुद्र उपग्रहाच्या साहाय्याने चालणाऱ्या स्वयंचालकाने. ३८ तास ५२ मिनिटांनी, ३,००० किलोमीटरहून जास्त अंतर कापून, ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. विमानाचं नाव होतं ‘स्पिरिट ऑफ बट्स फार्म’. एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ या विमानाची त्यात आठवण आहे. बट्स फार्म म्हणजे मेरिलँडमधलं ते शेत, जिथे ही मंडळी आपली विमानं उडवत असत. जागतिक विक्रम करणाऱ्या विमानाला त्यांनी शेताचं नाव दिलं, यातून क्लब नावाची गोष्ट कशावर उभी असते ते कळतं.

आपल्याकडेही अडचण जमिनीचीच आहे. ट्रेनर विमानाला उतरायला शंभरेक मीटरची सपाट पट्टी, समोर मोकळं आकाश, आजूबाजूला वस्ती, हमरस्ता आणि विजेच्या तारा नाहीत, अशी जागा शहरालगत मिळणं कठीण. मिळाली तरी ती कोणाच्या तरी पडीक रानात असते आणि चार वर्षांत तिथे प्लॉट पडतात. त्यामुळे जागा ज्यांनी मिळवली आणि टिकवली आहे, शेतमालकाशी आणि गावाशी संबंध राखले आहेत, त्यांच्यात सामील होणं हाच शहाणपणाचा मार्ग. शेजारी ऊस असेल तर त्यात शिरलेलं विमान शोधणं हा एक स्वतंत्र उद्योग होतो. पडलं तिथली दिशा दोघातिघांनी वेगवेगळ्या जागांवरून धरून ठेवायची, आणि त्या रेषा जिथे छेदतील तिथे उसात शिरायचं. एकट्याला हे जमत नाही. विमानाच्या पोटाला भडक रंग द्या, हा सल्लाही याच अनुभवातून येतो. घारी मात्र उडवताना मदत करतात. सकाळी दहानंतर त्या जिथे पंख न हलवता घिरट्या घालतात तिथे उबदार हवा वर चढत असते, आणि ग्लायडर उडवणारे आपलं विमान तिकडेच नेतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. २५ ऑगस्ट २०२१पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे. शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा मनोरंजनासाठी, डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरात उडवलेलं, २५ किलोपर्यंतचं विमान त्यात बसतं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. २ किलोपर्यंतचं विमान व्यवसायासाठी उडवत नसाल तर पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. नोंदणी आणि विम्याबाबत मात्र क्लबात नीट विचारून घ्या आणि चालू नियम स्वतः वाचा, कारण ते बदलत असतात. सरकारच्या हवाई-क्षेत्र नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. पुण्यात लोहगाव, नाशिकजवळ ओझर असे हवाई तळ असल्याने नकाशा बघितल्याशिवाय घराच्या गच्चीवरून काही उडवणं धोक्याचं आहे. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवरच्या छोट्या विमानांवर बंदीचे आदेश काढतात. जुन्या क्लबला आपलं मैदान कोणत्या क्षेत्रात येतं, स्थानिक पोलीस ठाण्याला काय कळवावं लागतं, हे माहीत असतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी तर क्लबचा फायदा सरळच आहे. तिथे २५० ग्रॅमहून जड विमानाची नोंदणी आणि ‘ट्रस्ट’ नावाची मोफत परीक्षा आवश्यक आहे, शिवाय विमानाने आपली ओळख रेडिओवरून प्रसारित करावी लागते. मान्यताप्राप्त क्लबांच्या ‘फ्रिया’ म्हणून घोषित केलेल्या मैदानांवर मात्र ही ओळख-यंत्रणा नसलेली जुनी विमानंही उडवता येतात. अकॅडमीचं सदस्यत्व घेतलं की विम्याचं संरक्षणही मिळतं.

आपल्याकडे क्लब शोधताना फलकाची अपेक्षा ठेवू नका. एनसीसीच्या हवाई शाखेत एअरोमॉडेलिंग शिकवलं जातं आणि वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात, तेव्हा तिथले माजी छात्र हा चांगला दुवा. आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत विद्यार्थ्यांचे क्लब आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ विमान-रचनेच्या स्पर्धांना जातात. आणि शहरातल्या आरसी, म्हणजे रेडिओ-कंट्रोल, सामानाच्या दुकानदाराला विचारा. मोटर आणि प्रोपेलर कोण नेतं हे त्याला ठाऊक असतं, म्हणजे ते लोक रविवारी कुठे जमतात हेही ठाऊक असतं.

पहिल्या भेटीला सूर्योदयाच्या सुमारास पोहोचा, कारण वारा उठायच्या आत सगळे उडवून घेतात. टोपी, गॉगल, पाणी घ्या. कोणी विमान उतरवत असताना त्याच्याशी बोलू नका, उतरलं की बोला. नव्या माणसाला शिकवतं कोण, बडी बॉक्स आहे का, विम्याची काय सोय आहे, हे विचारा. वर्गणीपेक्षा हे प्रश्न महत्त्वाचे. एखाद्या ठिकाणी लोक प्रेक्षकांच्या डोक्यावरून विमानं नेत असतील आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नसेल, तर त्या क्लबात जाऊ नका, भले त्यांची विमानं कितीही देखणी असोत.

मग घरी येऊन सिम्युलेटरवर सराव सुरू करा. पिकासिमसारखे मोफत सिम्युलेटर आहेत. डावं-उजवं उलटं होण्याचा गोंधळ तिथे फुकटात संपतो. खरेदीची पाळी आली की शिकवणारा जो रेडिओ वापरतो त्याच्याशी जोडला जाईल असाच रेडिओ घ्या. रेडिओवर खर्च करायला कचरू नका, तो पुढची दहा विमानं चालवील. विमान फोमचं, वरच्या पंखाचं, साधं घ्या.

किती शिकलो हे जोखायचं असेल, तर ब्रिटिश संघटनेची ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा चांगला मापदंड आहे. त्यात आधी विमानाची तपासणी, मग उड्डाण आणि फेरी, स्वतःसमोर छेद येईल असा इंग्रजी आठचा आकडा, चौकोनी फेरी घेऊन उतरणं, उलट दिशेनेही तशीच फेरी, आणि शेवटी थ्रॉटल पूर्ण खाली घेऊन, इंजिन बंद पडलंय असं धरून सुरक्षित उतरणं असतं. विमान मैदानाबाहेर आणून पुन्हा तपासलं की परीक्षक सुरक्षिततेच्या नियमांवर प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरं आली नाहीत तर, उड्डाण कितीही सुबक झालेलं असलं तरी, प्रमाणपत्र मिळत नाही.